वाढीव उंची

४ फेब्रुवारी

झालं! धरणाची भिंत वाढवणार म्हणजे वाढवणारच.

सकाळी धरण खात्याची माणसं लाल रंगाचा डबा घेऊन आली. कॉलनीतल्या एकेका घराच्या बाहेरच्या भिंतीवर आडवी रेघ मारत सुटली. पाणी इथवर येणार म्हणे. आमच्याकडे रेघ दाराच्या कडीपर्यंत आली. रंग मारणारा मला सांगतो, "हात लावू नका बाई, ओला आहे." घर बुडवायला निघालाय आणि काळजी कशाची, तर रंगाची!

तो वळला तशी म्हातारी रॉकेलचं फडकं घेऊन बाहेर. खसाखसा घासायला लागली. मी म्हटलं, "आत्याबाई, रेघ पुसून पाणी थांबतं का?" बस्स, निमित्त मिळालं. "तू नकोच बोलू! तुझ्या माहेरच्यांचंच काम हे! आधी माझं गाव गिळलं, आता कॉलनी गिळा. तहान म्हणून भागत नाही मेल्यांची!"

माझी गिऱ्हाइकं समोर बसलेली. पॅन्ट आखूड करायला आलेली मास्तरीण तोंडावर रुमाल धरून हसत होती. मी टाचण्या तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही. शिवणकामाचा हा एक फायदा कुणी शिकवत नाही.

म्हातारी म्हणजे माझी सासू. तिचं जुनं गाव धरणाखाली गेलं, त्या बदल्यात ही कॉलनी मिळाली. सगळी घरं एका साच्यातली — नवखा माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरतो. आता धरणाची उंची वाढणार, म्हणजे कॉलनीही जाणार. आणि साठलेलं जादा पाणी नव्या कालव्याने कुठे जाणार? कोरड्या पट्ट्यात. माझं माहेर तिकडे. म्हणून गुन्हेगार मी!

५ फेब्रुवारी

बोलणं बंद. बरं झालं.

७ फेब्रुवारी

नवरा कॉलनी बचाव समितीचा अध्यक्ष झाला. त्याचं पाइप आणि नळाचं दुकान आहे. समितीची सभा तिथेच, पाण्याच्या टाक्यांवर बसून. घरी आला तो छाती फुगवून. "काळे झेंडे लागतील. शिवून दे." कापडाचं विचारलं तर म्हणतो, "लढ्यात हे विचारतात का?"

लढा याचा, कापड माझं!

१० फेब्रुवारी

दादाचा फोन. माझा थोरला भाऊ तिकडच्या पाणी समितीचा प्रमुख आहे. म्हणजे माहेरी एक समिती, सासरी एक समिती, आणि मधे मी. तो म्हणाला, "जनसुनावणीत तू आमच्या बाजूने बोल. बुडणाऱ्या कॉलनीतलीच बाई 'उंची वाढवा' म्हणाली, तर सरकारला आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, "आणि मग मी राहू कुठे?"

"नवी कॉलनी देणारच आहेत की!"

किती सहज बोलला. जसं काही जुना शर्ट बदलायचाय.

वर म्हणाला, "आपले निळे झेंडेपण तूच शिव. बाहेर फार महाग पडतात."

१३ फेब्रुवारी

आज राग कुठे ठेवू कळत नाही, म्हणून इथे ठेवते.

म्हातारीने जेवताना पुन्हा सुरू केलं. "यांच्याकडे कालवा आहे, तरी अजून हवंय." मी सांगितलं, आमच्याकडे कालवा नाही. आम्ही टँकरचं पाणी पितो. ती म्हणाली, "नाटकं. नकाशात दाखवलाय कालवा. आमचं गाव उठवलं तेव्हा साहेबाने मला बोट ठेवून दाखवला होता." मग तोच मंत्र. "माझं घर तुम्ही प्यायलात."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिने माझ्या माहेराच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. लग्नसुद्धा इथेच लावून घेतलं. न बघताच सगळं माहीत!

तिला काय सांगू? मला हे स्थळ आलं तेव्हा मी नवरा नंतर पाहिला, नळ आधी. मागच्या मोरीत नळ होता आणि सोडला की पाणी यायचं — एवढ्यावर होकार दिला. माहेरी माझे केस कापलेले असायचे. फॅशन म्हणून नाही, धुवायला पाणी नाही म्हणून. टँकर यायचा त्या दिवशी शाळेला दांडी. एका पाण्यात अंघोळ, त्याच पाण्यात कपडे, उरलेल्यात फरशी. लग्नानंतर पहिल्या सकाळी मी नळ सोडून नुसती पाण्याखाली हात धरून उभी होते. म्हातारीने मागून येऊन नळ बंद केला आणि माझ्या मनगटावर फटका मारला. "पाणी फुकट आलेलं नाही. माझं घर गेलंय त्यात."

तेव्हापासून ती मला पाण्यात पाहते. आणि मी तिला.

२० फेब्रुवारी

माहेरी आहे. टँकरपाशी रेटारेटी झाली, आई पडली. मनगट मोडलं. पाइप ओढणाऱ्या बायांनी तिच्या हातावर पाय दिला. त्यातली एक शेजारीण. तीच नंतर रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेली आणि बाहेर बसून रडली. टँकरपाशी कुणी कुणाचं नसतं. मीही लहानपणी एका बाईचा दात पाडलाय कॅनने. मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नव्हतं.

आईला अंघोळ घातली. टबात बसवून, खालचं पाणी जमवून. ती लाजत होती. माझ्यापुढे नाही, पाणी जास्त लागतंय म्हणून. "पुरे गं, पुरे. एवढी काय मळले नाही मी."

दादा भिंतीवर नकाशा लावून बसलाय. मी म्हटलं, जुन्या धरणाच्या वेळीही असाच नकाशा होता ना? तो चिडला. "आता तसं होणार नाही. आता लोक जागे आहेत."

आई आतून म्हणाली, "तेव्हाही जागेच होतो. मी तर वाट बघत बसले होते. पहिलं धरण आमच्याचसाठी बांधलं होतं म्हणे! तू पोटात होतीस. मी ठरवलेलं, दारात झाड लावीन."

२१ फेब्रुवारी

निघताना आईला विचारलं, "तुला काय वाटतं? माझी कॉलनी जाईल."

ती म्हणाली, "आमच्यासाठी कुणाचं घर बुडवू नका, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण नाही म्हणवत."

आईचा राग आला. आणि आला म्हणून स्वतःचा आला.

२५ फेब्रुवारी

काळे झेंडे झाले. निळेही झाले. एकाच मशीनवर, एकाच दोऱ्याने. दोघांनाही शिलाई द्यायचं सुचलं नाही.

नवऱ्याला निळ्या कापडाचा तुकडा सापडला. "हे काय? शत्रूचे झेंडे माझ्या घरात?" मी म्हटलं, "शत्रू तुमचा मेहुणा आहे. आणि घर कुणाचं ते धरण ठरवणार." ताट सरकवून उठला. म्हातारी भात चिवडत म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." मी म्हटलं, "दांडा कधी गोतात घेतलाच नाहीत, आत्याबाई!"

आज शेवटचा शब्द माझा. झोप छान लागेल.

३ मार्च

जनसुनावणी झाली. सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

शाळेच्या सभागृहात. एका बाजूला काळे झेंडे, दुसऱ्या बाजूला निळे. शिवण सगळीकडे माझी. स्टेजवर साहेब लोक, प्रत्येकापुढे बाटलीबंद पाणी. खाली आम्हाला काही नाही.

इंजिनिअर आधी बोलला. चांगला बोलला, हेच वाईट. पडद्यावर कोरडा पट्टा हिरवा होताना दाखवला. मग धरणाच्या पुढे नदीकाठी असलेल्या शहरातला औषधवाला उठला. पूर्वी दर काही वर्षांनी नदी त्याच्या दुकानात शिरायची, गोळ्यांचा चिखल व्हायचा. धाकटा भाऊ त्याच पुरात गेला. धरण झालं आणि पूर थांबले. "माझ्यासाठी ही भिंत म्हणजे देव आहे," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. हाच तर वैताग आहे — कुणीच खोटं बोलत नाही!

मग दादा. टँकर, आईचं मनगट, सगळं. आईचा हात असा सभेत काढला तेव्हा मला त्याला बदडावंसं वाटलं. पण तेही खरंच.

मग नवरा. "माझ्या आईला दुसऱ्यांदा उठवणार का?" म्हातारीला स्टेजवर नेऊन उभं केलं. ती अवघडून, डोक्यावरचा पदर ओढून घेतल्यासारखी उघडी उभी. टाळ्या झाल्या. नवऱ्याचे डोळे भरले. याचे डोळे टाळ्यांनी भरतात.

मग माझं नाव पुकारलं. दादाने घातलं होतं, मला न विचारता! दोन्ही बाजूंनी सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा मान हलवतोय, हो, ये. नवरा मान हलवतोय, खबरदार.

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "माझ्या आईला पाणी द्या. पाहिजेच. पण आधी एक सांगा. हे धरण पहिल्यांदा बांधलं तेव्हाही माझ्याच आईला पाणी देणार होता. या बाईंचं घर त्यासाठीच घेतलंत. माझ्या आईला अजून टँकर येतो. मग तेव्हाचं पाणी गेलं कुठे?"

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने कागदाकडे. कागदाने कुणाकडे पाहिलं नाही. मग साहेब म्हणाले, "ताई, हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

निळे ओरडले, "बस खाली!" काळे ओरडले, "बस खाली!" आज पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

मी बाहेर पडले. मागून चपलांचा आवाज. म्हातारी. स्टेजवरून तशीच उतरून आली होती. शाळेच्या फाटकापाशी माझा दंड धरला. चांगला घट्ट, दुखेल इतका.

"तुझ्या आईकडे कालवा नाही?"

"नाही."

"कधीच आला नाही?"

"किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला रडताना पाहिलंय, किंचाळताना पाहिलंय. असं नाही. म्हणाली, "मग माझं घर कुठे गेलं?"

४ मार्च

दादाचा फोन. "माती खाल्लीस." ठेवला.

नवरा दुकानातच झोपतो. दारात येऊन एवढंच म्हणाला, "घरभेदी." मी म्हटलं, "घर उरलं तर भेदीन."

ना इकडची, ना तिकडची. झेंडे शिवणारी तेवढी दोन्हीकडची.

६ मार्च

म्हातारीने माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला. धन्यवाद वगैरे नाही. मग पाठ करूनच म्हणाली, "मला दाखव."

"काय?"

"नसलेला कालवा."

९ मार्च

गेलो. बसने. म्हातारी खिडकीशी, पिशवी मांडीवर. जणू तपासणीला निघालेली मोठी अधिकारी.

रस्ता धरणापासून कालव्याच्या कडेकडेनेच जातो. कितीदा गेले असेन, पण कालव्याकडे असं नीट कधी बघितलं नव्हतं. सुरुवातीला कालवा तुडुंब. काय सुंदर दिसत होता, शिव्या द्याव्यात इतका. दोन्हीकडे हिरवं, पंप चाललेले, सुबत्ता. घरांना गच्च्या, गच्च्यांवर झाडं. म्हातारी म्हणाली, "बरं झालंय यांचं." टोमणा असेल म्हणून मी चेहरा पाहिला. टोमणा नव्हता.

मग एक हॉटेल. हिरवळ, पोहायचा तलाव, भर दुपारी गवतावर फवारे चालू. त्याच्यापुढे बाटल्या भरायचा कारखाना. कालव्यातून जाड पाइप थेट आत. फाटकावर पाटी, डोंगराचं चित्र. इथे डोंगर आहे कुठे? पाण्यालासुद्धा खोटा जन्मदाखला!

कारखान्यापुढे कालवा निम्मा. मग घोट्याएवढा. मग नुसता ओला. मग कोरडा, आत झुडपं, तळाला बकऱ्या. शेवटी तर संपलाच. काही कारण नाही. रस्त्याला वळणबिळण नाही. सिमेंट जिथवर आलं तिथवर कालवा, पुढे माती.

म्हातारीने बस थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "आजी, इथे काही नाही." ती म्हणाली, "तेच बघायचंय."

उतरली. सिमेंटच्या टोकाशी बसली. मी उन्हात उभी. मला वाटलं आता रडेल, मला हात धरावा लागेल, आणि मला तो धरायचा नव्हता. ती रडली नाही. मोठ्याने, दातओठ खाऊन, एक सणसणीत शिवी दिली. इथे लिहिण्यासारखी नाही. बकऱ्या उठून गेल्या.

तिथून पायी माहेरी. आई दारात. दोघी एकमेकींना लग्नानंतर आज भेटत होत्या. मी मधे घुटमळत. आईने पाण्याचा पेला पुढे केला. अर्धा. म्हातारीने पेल्यात पाहिलं, आईच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या. सगळ्या वाया गेल्या."

आई म्हणाली, "वाया कशा? पोहोचत होत्या. पाणी तेवढं पोहोचलं नाही."

मग दोघी हसल्या. मला अजिबात हसू आलं नाही. मला इतकी वर्षं छळलं, त्याचा हिशेब कोण देणार? हसून मोकळ्या!

१४ मार्च

मास्तरीण पॅन्ट न्यायला आली. म्हणाली, "अभिनंदन हं, नव्या कॉलनीत बाजारपेठेतला कोपऱ्याचा गाळा मिळाला म्हणे तुम्हाला."

मला काही माहीत नव्हतं. तिला ते कळलं. पॅन्ट घडी न घालताच घेऊन गेली.

दुकानात गेले. नवरा टाक्या उतरवून घेत होता. मी विचारलं. आधी नाही म्हणाला, मग 'हळू बोल' म्हणाला, मग स्वतःच ओरडला. समितीने विरोध मागे घेतलाय. त्याला कोपऱ्याचा गाळा, आणि नव्या कॉलनीच्या सगळ्या घरांचे पाइप आणि नळ त्याच्याच दुकानातून.

"भिंत वाढणारच होती! कुणाच्या बापाला थांबवता येणार नव्हती. हरायचंच होतं, मग काहीतरी पदरात पाडून हरलो तर बिघडलं कुठे? आईने काय मिळवलं आयुष्यभर रडून? मी तिच्या रडण्यात वाढलोय, तू नाही. आपल्या लेकीने ते ऐकत वाढू नये म्हणून तिला लांब शिकायला ठेवली."

हे शेवटचं खरं होतं. लागलंही. पण मी म्हटलं, "आईला स्टेजवर उभं केलंत तेव्हा हे ठरलं होतं?"

तो टाकीचं झाकण बसवत राहिला. नीट बसत नव्हतं. मग म्हणाला, "बोलणी चालू होती."

चोर! आईचं रडणं विकून खाल्लं आणि वर हिशेब समजावतोय!

१५ मार्च

म्हातारीला मीच सांगितलं. तिच्या पोराने सांगायला हवं होतं, पण तो दुकानातून हलत नाही.

ऐकून घेतलं. जेवली. ताट विसळलं. म्हणाली, "तू त्या दिवशी तुझ्या आईसाठी उठलीस. मला वाटलं, हाही उठलाय." एवढंच.

तिला जवळ घ्यावं असं काही आमच्यात नाही. मी तिचं फाटकं अंथरूण शिवायला घेतलं. ती बघत बसली. "टाका मोठा येतोय," म्हणाली. मेली म्हातारी!

१९ मार्च

म्हातारी चार दिवसांसाठी गेली. कुठे? माझ्या आईकडे! "तिच्या हाताला मदत होईल." स्वतःहून बसमध्ये बसली. मला नुसतं सांगितलं, विचारलं नाही.

घर शांत. टोमणे नाहीत. शांतता चांगली वाटायला हवी होती.

२३ मार्च

आईचा फोन. चार दिवस झाले, म्हातारी परतायचं नाव काढत नाही. मी विचारलं, "त्रास देतात का?" आई म्हणाली, "छे! बोलायला कुणीतरी आहे. भांडतोपण. काल टँकरपाशी तिने असा आवाज लावला की रांग लागली. इतक्या वर्षांत पहिली रांग!"

मागून म्हातारीचा आवाज: "तिला सांग, मी नव्या कॉलनीत येत नाही."

नवऱ्याला निरोप दिला. तो म्हणाला, "येईल चार दिवसांनी. जाईल कुठे?"

माझ्याबद्दलही त्याचं हेच मत असणार.

२ एप्रिल

दुपारी पोलीस चौकीतून फोन. बाटल्यांच्या कारखान्याचा पाइप जिथे कालव्याला लागतो, त्याच्या तोंडापुढे दोन म्हाताऱ्या कालपासून पाण्यात बसल्यात. पाइप बंद करावा लागलाय. उठवायला गेलं की एक चावते. नाव विचारलं तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणतात, विहीण. नातेवाइकांचा नंबर म्हणून दोघींनी माझाच दिलाय. "ताई, तुम्ही येऊन समजावा."

येते म्हटलं. मशीनवर कापड टाकलं, दाराला कुलूप लावलं. डबा तिघींचा घेतलाय.